सावली तालुक्यातला एक हशा

माझ्या व्याख्यानात एक विनोद असे. तो मी रचलेला नव्हता. एका मुलीच्या तोंडून तो मी उचलला होता, आणि त्या मुलीचे पुढे काय झाले हे ठाऊक असूनही तो वर्षानुवर्षे सांगत राहिलो. ही गोष्ट मी घरीदेखील कधी बोललो नाही.

मी पुण्यात इंग्रजी शिकवतो आणि गावोगावच्या शाळांत ‘इंग्रजीची भीती घालवा’ या विषयावर बोलतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या सावली तालुक्यातील एका शाळेत पहिल्यांदा गेलो तेव्हा चाळिशी गाठली नव्हती. भरल्या सभागृहात नववीच्या एका मुलीला उभे करून मी विचारले, “व्हॉट आर यू डूइंग?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “आय ॲम लर्न अँड स्टे.” तिकडच्या बोलीत ‘मी शिकते आहे’ याला ‘मी शिकून राह्यली’ म्हणतात. तिने शब्दाला शब्द ठेवला होता. मी माइक जवळ ओढला आणि म्हणालो, “ऐकलंत? ही शिकणार आणि इथेच राहणार! राहा बाई, राहा!” सगळे सभागृह हसले. शिक्षकही हसले.

काही महिन्यांनी तिथल्या शेंडे सरांचा फोन आला. मुले तिला ‘इस्टे’ म्हणून हाका मारतात, तिने शाळा सोडली आहे, तुम्ही एकदा बोललात तर कदाचित परत येईल, असे त्यांचे म्हणणे होते. बोलतो, म्हणालो. बोललो नाही. विनोद मात्र सोडला नाही, कारण त्यावरच सर्वाधिक टाळ्या पडत.

या हिवाळ्यात त्याच शाळेचे निमंत्रण आले. शेंडे सर आता मुख्याध्यापक आहेत. मी लगेच होकार कळवला, आणि निघण्याच्या दिवसापर्यंत तो मोडण्याची कारणे शोधत होतो.

चंद्रपूरला सकाळी उतरलो. स्थानकाबाहेरच्या झाडांची पाने कोळशाच्या धुळीने काळवंडलेली होती आणि वीजकेंद्राचा धूर शहरावर हलायला तयार नव्हता. मूल गावावरून गडचिरोलीला जाणारी एसटी मिळाली. शहर संपताच रस्त्याच्या दोन्ही अंगांना जंगल सुरू झाले. पानगळ लागलेले साग, खाली बांबू, आणि मधूनमधून वाघापासून सावध राहण्याच्या पाट्या. शेजारी गाठोडे मांडीवर घेतलेली एक वयस्कर बाई बसली होती.

“कुठचे जी तुमी?”

“पुण्याचा.”

“बापा! इतल्या दूर काऊन आले?”

“शाळेतल्या मुलांना इंग्रजी बोला म्हणून सांगायला.”

ती मोठ्याने हसली. “मंग आधी आमच्या वाघाले सांगा जी. मराठीत तं तो आयकूनच नाई राह्यला!”

मागचे दोघेतिघेही हसले. मीही हसलो. मग ती खिडकीबाहेर पाहत त्याच सुरात म्हणाली, “मागच्या महिन्यात माह्या जावेले नेलं त्यानं. सरपणाले गेलती.” गाडीत रस्त्याची धूळ येत होती, तरी तिने खिडकी लावली नाही.

पुढे बसभर बोलणे चालूच होते. वाघ फिरून राह्यला, धान चुरून राह्यले (मळणी चालू आहे), मोटार बिघडून राह्यली. या ‘राह्यला’मध्ये कोणीही कुठे राहत नव्हते. जे या घडीला चालू आहे, ते सांगायला हा शब्द होता. इंग्रजीत नेमकी हीच क्रियापदाची रीत मुलांच्या गळी उतरवण्यात माझे निम्मे आयुष्य गेले आहे. त्या मुलीला ती आधीच येत होती. मला ऐकू आली नव्हती.

सावलीचा थांबा आला. वाहकाने नाव पुकारले. मी पिशवी हातात घेतली आणि बसून राहिलो. दार बंद झाले, गाडी निघाली, आणि काही वेळाने आम्ही वैनगंगेच्या पुलावर होतो. खाली वाळूचे मोठे पट्टे आणि त्यांतून वाट काढणारे थोडे पाणी.

“सावली गेली ना काका! काऊन नाई उतरले? झोपले व्हय?” वाहक म्हणाला.

“डोळा लागला,” मी खोटे बोललो.

“आता गडचिरोली पाहा फुकटात. फुकटात मंजे तिकीट काढून!” त्याने हसत यंत्राची कळ दाबली.

गडचिरोलीच्या बसस्थानकावर, समोरून जाणाऱ्या पोलिसांच्या गाड्या पाहत, मी बराच वेळ चहाचा रिकामा पेला धरून बसलो. पुण्याची गाडी गाठण्याइतका वेळ अजून हाताशी होता. शेवटी उलट दिशेच्या बसमध्ये चढलो, ते धैर्याने नव्हे. शेंडे सरांचा फोन आला होता: “सर, फाट्यावर उभा राहून राह्यलो मी.” त्यांना ताटकळत ठेवण्याची लाज वाटली, इतकेच.

शेंडे सरांनी घरी जेवू घातले. भात, लाखोळीच्या डाळीचे वरण, वर भरपूर सांबार (कोथिंबीर). जेवताना ते अवघडून म्हणाले, “सर, एक विचारू का? तो विनोद उद्या सांगाल?”

मी घास ताटात ठेवला.

“तुमचं भाषण मोबाईलवर आहे ना. आमच्या पोरांनी पाह्यलं. गावाचं नाव तुम्ही घेत नाही, पण इथं सगळ्यांना माहीत आहे. वनिता इथंच असते. पलीकडच्या टोलीवर (वस्तीवर) दिलं तिला. तिची मुलगी प्राची आपल्याच शाळेत आठवीला आहे. लिहिण्यात वर्गात पहिली. वर्गात इंग्रजीत तोंड मात्र उघडत नाही.”

त्या मुलीचे नाव वनिता होते, हे मला आठवत नव्हते. तिचे वाक्य मात्र पाठ होते.

दुपारी आम्ही तिकडे गेलो. कापलेल्या बांध्यांत (धानाच्या खाचरांत) पुंजणे, म्हणजे धानाच्या पेंढ्यांचे ढीग, उभे होते. त्यांच्या पलीकडे तलावाची पाळ (बांध) लागली. वस्ती मासेमारांची. तिशी ओलांडलेली एक स्त्री अंगणात बारीक मासोळ्या निवडून वाळत घालत होती. शेंडे सरांनी माझे नाव सांगायच्या आधीच ती म्हणाली,

“वळखलं जी. बसा.”

तिने बाज पुढे केली आणि पुन्हा मासोळ्यांशी बसली. “अजून शिकवून राह्यले का तुमी?”

“हो.”

“मीबी अजून राहूनच राह्यली. तुमी म्हणलं ना, राहा बाई राहा.”

ती हसली नाही. शेंडे सर खाली पाहू लागले. मी उठून हात जोडले. “वनिताबाई, मी तुमची...”

“थांबा जी,” ती म्हणाली. “इथी नका म्हणू. इथी कोण हाये आयकाले? ह्या मासोळ्या? हासले ते सारे शाळेत हासले.”

प्राची पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि आईच्या मागे उभी राहिली.

“उद्या हिले पाठवत नाई मी,” वनिताबाई शेंडे सरांना म्हणाल्या. “पाहुणा आला का उभं करते पोराईले. आताच तिले ‘इस्टेची पोरगी’ म्हणून राह्यले.”

“मले यायचं हाये, आई,” प्राची हळूच म्हणाली. “मले बोलता येते.”

“बोलता मलेबी येत होतं.”

पाणी पिऊन आम्ही निघालो. फाटकाशी मी म्हणालो, “मी उद्या शाळेत बोलेन. तुम्ही या.” त्यांनी मान वर केली नाही.

परतताना पाळेवरून चालत असता मला माझ्या धंद्याचा हिशेब लागत गेला. मुलांना हुरूप यावा म्हणून मी बोलत असे. पण हशा पिकवायला दर वेळी कोणीतरी एक पोर लागे, आणि उरलेल्या शेकडो मुलांना त्यातून जो धडा मिळे, तो असा की उभे राहिले तर आपलेही असेच होईल. भीती घालवायला म्हणून मी जात होतो आणि गावोगाव ती पेरून येत होतो. ‘चुका करा, चुकायला घाबरू नका’ हे वाक्य मी त्या विनोदानंतर लगेचच म्हणत असे.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरले. तेच मंचाचे कठडे, खाली सतरंज्या, एका बाजूला मुली. आठवीच्या रांगेत मी प्राचीला शोधले. ती नव्हती. स्वागत झाले, हार झाला. शेंडे सरांनी माझा परिचय वाचायला घेतला तेव्हा दारात हालचाल झाली. वनिताबाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या आणि त्यांनी प्राचीचे मनगट घट्ट धरले होते. मुलगी आत पाहत होती. शिक्षिकेने खुणावले, तरी दोघी आत आल्या नाहीत. कोणीतरी दबक्या आवाजात ‘इस्टे’ म्हणाले आणि मुलांच्या रांगांतून खुसखूस गेली.

माइक मी खाली ठेवला, कारण अशाच माइकवरून मी तिची थट्टा केली होती. मंचावरून उतरलो आणि सतरंज्यांच्या मधोमध, दाराकडे तोंड करून उभा राहिलो.

“मुलांनो,” मी म्हणालो, “तुम्ही मोबाईलवर ज्या वाक्याला हसता, ते वाक्य या सभागृहात बोलले गेले होते. बोलणारी विद्यार्थिनी दारात उभी आहे. तिने आपल्या बोलीतले वाक्य इंग्रजीत नेण्याचा प्रयत्न केला, आणि तिचा विचार बरोबर होता. एखादा शब्द सुधारून देणे हे माझे काम होते. मी ते केले नाही. मला तिची बोली कळली नाही, आणि कळली नाही हे झाकायला मी तिला हसलो.”

खुसखूस थांबली होती. मी वनिताबाईंकडे पाहिले. त्यांनी नजर हलवली नाही आणि मुलीचे मनगटही सोडले नाही.

“वनिताबाई, मी तुमची शाळा तोडली. तुम्ही शाळा सोडली हे मला त्याच वर्षी कळले होते. मला तुमच्याशी एकदा बोलायला सांगितले होते, ते मी केले नाही, आणि तुमच्या वाक्यावर पुढे वर्षानुवर्षे टाळ्या घेतल्या. माझा अपराध झाला. तुम्ही क्षमा करावी असे मी म्हणू शकत नाही. या सगळ्यांच्या समोर मी तुमची माफी मागतो.”