हरलो, तरी गुलाल लावला

हसा की लेकांनो! टीम खालच्या गटात गेली म्हणून गुलाल लावायचा न्हाय, असं कुठं लिवलंय?

आज आमच्या तालमीची टीम फुटबॉलची शेवटची मॅच पण हरली. यंदा टीम सांभाळणारा राजूमामा दर मॅचला गुलालाचं पोतं आणायचा आणि तसंच बांधलेलं परत न्यायचा. लहानपणी ह्याच मामाच्या खांद्यावर बसून मी जिंकल्यावर नाचलोय. कानातला गुलाल आठवडाभर निघायचा न्हाय.

मॅचनंतर तालमीच्या पायरीवर आमचा गोलकीपर अस्लम ग्लोव्हज काढून म्हणाला, "मामा, बास झालं. दुसरा कीपर बघा."

मामानं पोतं सोडलं आणि ओंजळभर गुलाल त्याच्या डोक्यावर ओतला. "मग टीमला परत वर कोण आणणार? तुझा सासरा?"

रडता रडता अस्लम हसला. ग्लोव्हज उचलून घेतलं.

हलगी सुरू झालीया. तुमच्या पेठेत हरल्यावर कुणी गुलाल लावलाय काय? सांगा निवांत. मी चाललो नाचायला.