इनासकाकांचा उजवा हात

आमच्या दाराला बांधलेली लिंबू-मिरची मी बी.एस्सी.ला असताना स्वतःच्या हाताने तोडून टाकली होती, आणि त्यापायी आईची बोलणी खाल्ली होती. तेव्हा पुढचं वाचून कुणी मला भाबडी म्हणू नये, एवढीच विनंती.

घरातली मी पहिली पदवीधर. प्राणिशास्त्र घेऊन शिकले आणि मालवणजवळ, तारकर्लीच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात मला नोकरी लागली. तिथे रिसेप्शनच्या भिंतीत खाऱ्या पाण्याची मोठी टाकी आहे — आत खडकांची रचना, त्यातून फिरणारे रंगीत मासे. तिची सगळी देखभाल माझ्याकडे. शिकलेलं कामी आलं म्हणून मी मालकांची ऋणी होते. खरंच होते.

माझ्याआधी हे काम इनासकाका करायचे, टाकी बसवली तेव्हापासून. बनियनवर उभे राहून, खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून, नारळाच्या सोडणाने ते खडक घासायचे. एका पाहुण्याने तसा व्हिडिओ टाकला, खाली कुणीतरी 'किळसवाणं' असं लिहिलं, आणि मालकांनी काकांना घरी बसवलं. जाण्यापूर्वी त्यांनीच मला काम दाखवलं.

"काय गो, कॉलेजात दगड घासूक शिकवतत?"

"नाय काका, पाणी तपासूक शिकवतत."

"बरा आसा. पाणी तू तपास, दगड मी घासतंय," म्हणाले, आणि हसता हसता सोडण माझ्या हातात दिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

सोडणाचा रंग पाण्यात उतरतो म्हणून मी ते बंद केलं, नायलॉनचा ब्रश आणला. कडक दिव्यांखाली खडकांवर शेवाळाचा पातळ थर रोजच धरतो. पण एका सकाळी आले तर खडक लख्ख! दुसऱ्या दिवशीही तेच... सगळ्यांना विचारून झालं. कॅमेऱ्याचं चित्रीकरण पाहिलं — टाकीपाशी कुणीच नाही. गोगलगायींनी शेवाळ खाल्लं म्हणावं, तर फिल्टरच्या स्पंजात सोडणाचे तांबूस धागे अडकलेले. सोडण तर मी कधीच फेकून दिलं होतं.

रविवारी मात्र खडक हिरवेच राहायचे. दर रविवारी. आणि मग माझ्या लक्षात आलं — रविवारी काका चर्चमध्ये मिसाला जायचे, कामावर कधी यायचे नाहीत.

दुपारी त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको, रोजमावशी, हिला मी काही विचारायच्या आतच तिने काकांच्या अंगावरची चादर बाजूला केली. तो लुळा उजवा हात... बोटं फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली, आणि खांद्यापर्यंत सुकलेलं मीठ.

"हात पुसून निजयतंय, सकाळी बघतंय तर ह्यो असो! रविवारी तेवढो सुको. दिसान दिस खंगत चाललो गो तो."

मी मालकांना सगळं सांगितलं. वाटलं, निदान एकदा बघायला जातील. मोबाइलमधून मान वर न काढता ते म्हणाले, "अगो, फुकटात काम होता तर तुझ्या पोटात कित्याक दुखता? पगार मागूक तर येना नाय मा?"

पुन्हा गेले तेव्हा मावशीने माझं मनगट घट्ट धरलं. "तूच सांग तेका. माझा ऐकना नाय. असोच जात रवलो तर झिजान मरतलो."

मी खाटेच्या कडेला बसले. "काका, दगड आता मी घासतंय. तुम्ही येव नकात. आराम करा."

ते माझ्याकडे बघत राहिले. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मला ते समाधानाचं वाटलं.

दुसऱ्या सकाळी खडकांवर हिरवा थर होता. मावशीचा फोन आला — "हात सुको आसा गो!" किती दिवसांनी तिला हसताना ऐकलं. इकडे मालकांनी सगळ्या स्टाफसमोर विचारलं, "काय गो, भुतान राजीनामो दिलो?" सगळे हसले. मीही हसले... नोकरी होती.

त्याच आठवड्यात काका गेले. हॉटेलातून हार आला, मालक आले नाहीत. मी मावशीजवळ बसले होते. ती रडत नव्हती, माझ्यावर रागावलीही नव्हती. शवपेटीकडे बघत एवढंच म्हणाली,

"कामार जात होतो, तवसर जितो होतो गो तो."

जमतील ती सगळी शास्त्रीय कारणं मी शोधली. कॉलेजातल्या एका सरांनाही विचारलं. ते म्हणाले, योगायोग असेल. असेलही. लुळा हात रात्रीतून खारा कसा व्हायचा आणि बंद खोलीतल्या माणसाचं सोडण टाकीत कसं पोचायचं, हे मला आजही सांगता येत नाही. इनासकाकांना आधी मालकांनी काढलं, नंतर मी. तेवढंच नीट समजलं आहे.