कुलपातले देव

आमच्या देवघराला कुलूप लावलं ते मीच. आता लपवून काय करायचं? सासूबाईंचा विसर वाढत चालला होता. झालेली पूजा त्या तासाभरात पुन्हा मांडायच्या, आणि एका दुपारी निरांजनामुळे खिडकीचा पडदा पेटला. त्या दिवसापासून किल्ली माझ्या पर्समध्ये. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं होतं, पण पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत मी कुणालाच कळू दिलं नाही. कुणी विचारलंच तर, "आईंचे गुडघे दुखतात." नवरा चाकणला कंपनीत, शिफ्ट सारख्या बदलत्या. सगळं माझ्याच अंगावर, आणि खरं सांगायचं तर देवावर माझा रागच होता. ज्यांनी जन्मभर त्याला आंघोळ घातल्याशिवाय चहा घेतला नाही, त्यांचीच ही दशा? त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचं आम्ही जवळजवळ ठरवलं होतं.

त्या रविवारी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. आत आले तर दार सताड उघडं आणि आई नाहीत. बाग, पार्किंग, जिने, सगळं पालथं घातलं. वॉचमन म्हणाला, "मॅडम, हितून कुणी गेलं न्हाई." पण मागचं गेट उघडंच असतं आणि त्यापलीकडे मोठा रस्ता. पुढच्या गेटजवळ, वॉचमनच्या केबिनशेजारी, गणपतीचं छोटं देऊळ आहे. कितीतरी महिन्यांत तिथे हात जोडले नव्हते. जोडले. नवस वगैरे काही सुचला नाही. "मला नाही जमत आता, तूच बघ," एवढंच म्हणाले. तेवढ्यात केबिनमधला इंटरकॉम वाजला. वॉचमनने मान बाहेर काढली. "सी विंग, सातशे चार. कुणाची तरी आजी आलीय म्हणत्यात."

आम्ही बी विंगमध्ये सातशे चारलाच राहतो. इमारती सगळ्या एका साच्याच्या, देवघराची जागासुद्धा तीच. तिथल्या बाईंना मी ओळखत नव्हते. लातूरकडच्या, नुकत्याच राहायला आलेल्या. फरशी वाळावी म्हणून त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. आत आई त्यांच्या देवांना निवांत गंध लावत होत्या आणि त्या बाई शेजारी बसून एकेक फूल हातात देत होत्या.

"घाबरू नका ताई," त्या हळूच म्हणाल्या. "पूजा करायलेत. मधीच कसं उठवायचं?" मग जरा चाचरत, "सून देव कुलपात ठेवती म्हणल्या."

मला रडूच आलं. त्या अनोळखी बाईंना मी सगळं सांगून टाकलं, आजाराच्या नावासकट.

सोसायटीच्या ग्रुपवर मग मी स्वतःच लिहिलं. आता आमच्या दाराला लाल तोरण आहे, आईंना घर ओळखता यावं म्हणून. वॉचमन त्यांना नावाने हाक मारतो, मागच्या गेटाला कडी लागते. सी विंगच्या बाई दुपारी येऊन बसतात. निरांजनाच्या जागी बॅटरीचा दिवा आला. पूजा दिवसातून चारदा झाली तर चारदा. वृद्धाश्रमाचा विषय पुन्हा निघाला नाही. आजार आहेच, वाढतोही आहे. तो इंटरकॉम नेमका तेव्हाच का वाजला, यावर मी डोकं लावत नाही. सगळं एकटीनेच सांभाळायचा माझा हेका सुटला, हीच मला देवाची कृपा वाटते.

काल पूजा झाल्यावर आईंनी माझ्या हातावर साखर ठेवली. मला ओळखलं नव्हतं. "बाई, तुमच्या घरी देव उघडे असतात ना?" त्यांनी विचारलं.

"असतात," मी म्हटलं. "आमच्या सासूबाईंनी उघडायला लावले."