दोनदा सेटल

मी सेटल आहे आणि तसं माझ्याकडे लेखी पत्र आहे. एक नाही, दोन.

आमच्याकडे मुलीचे वडील पहिला प्रश्न विचारतात तो 'मुलगा सेटल आहे का' हाच. माझ्या सासऱ्यांनीही विचारला होता, आणि माझ्या वडिलांनी घसा खाकरून विषय जेवणाकडे वळवला होता. त्यामुळं लग्नानंतर नऊ वर्षांनी फायनान्स कंपनीनं 'सेटल्ड' असं छापलेलं पत्र पाठवलं, तेव्हा मी ते लॅमिनेट करून घेतलं.

त्याचं असं झालं. बायकोच्या, म्हणजे वैजयंताच्या, शिलाई मशीनसाठी आम्ही कर्ज काढलं होतं. मधे कंपनीत माझी शिफ्ट बंद झाली, हप्ते तुंबले आणि अडतीस हजार थकले. एक दिवस वसुलीवाल्या बाईंचा फोन आला. "एकरकमी तीस भरा, मिटवून टाकू." गुलमंडीत साडी घेताना मी जे करतो तेच केलं. "राहू द्या मग," म्हणालो आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला. बावीसवर सौदा ठरला. सोळा हजार वाचले! ही गोष्ट मी निदान चाळीस जणांना सांगितली असेल.

मग वैजयंताला घर दिसलं. पडेगावात, तळमजल्यावर दोन खोल्या आणि रस्त्याकडं उघडणारा व्हरांडा. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, भाड्यानं, आणि लिफ्ट नाही. तिची निम्मी गिऱ्हाइकं गुडघेदुखीवाली. ब्लाउज टाकायला चोपन्न पायऱ्या कोण चढणार? घर बघायला ती टेप घेऊनच आली होती. कापड आखायच्या खडूनं तिनं व्हरांड्यात मशीनची जागा आखली, पडद्याची आखली. घरमालक रिटायर्ड गुरुजी होते. ते म्हणाले, "असू द्या, पुसू नका. घर तुमचंच समजा."

घर दाखवणारे एजंट हमीदभाई. छावणीत झेरॉक्सच्या दुकानाशेजारी त्यांचं एक टेबल आणि तीन खुर्च्या. ज्यांना बँका दारात उभं करत नाहीत, अशांची कर्जं मार्गी लावण्यात त्यांचं नाव होतं. (खोटे कागद मात्र ते करत नसत. मी आडून विचारून पाहिलं होतं.) त्यांनी जुन्या कर्जाचे कागद मागितले, तेव्हा मी ऐटीत ते पत्र टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"साहेब, ह्याला लॅमिनेशन कुणी केलं?"

"मीच. सेटल झालं ना."

"सेटल लग्नात चांगलं, साहेब. बँकेत लई खराब. पूरा पैसा भरला की 'क्लोज्ड' लिहितेत. 'सेटल्ड' म्हंजे ह्या माणसानं बुडवले आन् आम्ही नाद सोडला. तुमचा स्कोअर ह्याच्यानंच बसलाय."

(स्कोअर म्हणजे कर्ज फेडण्यातल्या इमानदारीचे मार्क. मी काठावरसुद्धा नव्हतो.)

शेजारी बसलेल्या वैजयंतानं ते पत्र उलटं करून ठेवलं. मी चाळीस जणांना सांगत होतो, तेव्हा ती उठून मशीनवर जाऊन बसायची.

"घाबरू नका, भाभी," हमीदभाई म्हणाले. "उरलेले पैसे भरून 'क्लोज्ड'चं पत्र आणा. तुमची शिलाईची कमाई दाखवू, बँकेला मी समजावतो. गुरुजींकडून दोन महिने मागून घेतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तिथं तोंड उघडू नका. भरा, पत्र घ्या, निघा."

माझ्या खिशात वीस हजार होते. वैजयंतानंच दिलेले, ब्लाउज शिवून जमवलेले. फायनान्स कंपनीत काउंटरवरच्या साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाले, "दंड धरून अठरा होतात." भरायचे आणि निघायचं. पण तोंडातून गेलंच, "सोळा करा ना."

साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "अर्ज द्या. वर पाठवतो."

मला वाटलं, जिंकलो! अर्ज वर गेला तो महिनाभर वरच राहिला. मग निरोप आला, विनंती मान्य. मी सोळा भरले. आठवड्यानं पत्र आलं. खात्याची स्थिती, सेटल्ड.

हमीदभाईंनी ते दोनदा वाचलं. "हे लॅमिनेट करू नका," एवढंच म्हणाले.

राहिलेल्या दोन हजारांसाठी परत अर्ज, परत वर. गुरुजींना मुलाकडं राहायला जायचं होतं. ते ठरल्यापेक्षा आठ दिवस जास्त थांबले, मग त्यांनी घर दुसऱ्यांना दिलं.

दोन हजार रुपयांसाठी मी बायकोचं दुकान घालवलं. हे लिहितानाही मला बरं वाटत नाहीये. ती भांडली असती तर निदान मला चिडता तरी आलं असतं. ती फक्त म्हणाली, "खडू पुसून यायला पायजे होता. त्या लोकांना वाटंल, हे कुणी आखून ठेवलंय."

हमीदभाईंनी पाठपुरावा करून शेवटी 'क्लोज्ड'चं पत्रही मिळवून दिलं. आता घरं दाखवतात, पण रस्त्याकडं व्हरांडा असलेलं आमच्या ऐपतीतलं एकही अजून निघालेलं नाही. तोवर गिऱ्हाइकं खाली उभी राहतात आणि कपडे मी वर-खाली करतो.

परवा कोपऱ्यावरच्या मावशी पिशवी घेऊन आल्या आणि खालूनच ओरडल्या, "वैजू, घर घेणार होते ना तुम्ही? कधी सेटल व्हणार?"

"आमचे हे दोनदा झालेत, मावशी," वैजयंता गॅलरीतून म्हणाली. "मापाचा ब्लाउज द्या त्यांच्याकडं."

मी पिशवी घेतली. मावशींनी मला शिलाई विचारली.

"अडीचशे."

"सव्वादोनशे करा ना."

मी पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले. "मावशी, पूर्ण द्या. ह्याच्यात घर जातं."