घरामागं हिरवा कर

आता हसायचं तर हसा बाई, पण आधी नीट ऐकून घ्या. चूक माझी एकटीची नव्हती, निम्मी त्या भोंग्याची होती!

कोल्हापुरात नदीजवळ भाड्याच्या खोलीत राहत होतो आम्ही. नदीला फेस, हवेत कारखान्यांचा धूर, आणि माझी स्वाती आठ महिन्यांची. ती नुसती शिंकली तरी माझा जीव खाली-वर! घरमालक मामा राहायचे पेठ वडगावला. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं, "भिंतीला एक खिळा जरी मारलास, तर खोली सोडायची."

एक दिवस रिक्षावरनं भोंगा ओरडत आला. "नदी काळी झाली, हवा खराब झाली! म्हणून आता प्रत्येक घरामागं हिरवा कर!"

मला रागच आला. 'कर' काय? 'करा' म्हणायला तोंड दुखतं काय ह्यांचं? पण म्हटलं, पोरीच्या छातीला बरं असेल. आणि हिरवा म्हणजे काय? रंगच की! झाड असतं तर 'हिरवं' म्हणाले असते. सातवीपर्यंतचं व्याकरण हो, वाया कसं जाईल?

शेजारच्या आक्कांना विचारलं.

"सरकारी काम हाय, मामास्नी काय इचारायचं त्यात? हाण ब्रश!"

हाणला. पोरीला झोळीत निजवून मागची अख्खी भिंत रंगवली. पोपटानं लाजावं!

आठवड्यानं पालिकेचे साहेब वही घेऊन आले. मालक पाहिजेत म्हणून मामाही आलेले. मी हौसेनं दोघांना मागं नेलं.

"बघा साहेब, दोन-दोन हात मारल्यात!"

"हे काय वहिनी?"

"घरामागं हिरवा. तुम्हीच म्हणालासा की, कर!"

"अवो, कर म्हंजे टॅक्स! घरामागं म्हंजे दर घराला! नदी साफ करायला!"

मी आक्कांकडं बघितलं. आक्का कधीच आत जाऊन कडी लावून बसलेल्या.

मामा लालबुंद. "आत्ताच्या आत्ता खोली खाली कर!"

पोरीला उराशी धरलं. तिला घेऊन आता जायचं कुठं? रडू फुटायच्या बेतात होतं. पण नवा धडा डोक्यात ताजा होता ना! साहेबांकडं वळून विचारलं, "साहेब, ह्यो खाली कर किती बसतोय?"

साहेबांच्या हातातनं वहीच पडली. मामा ओरडायला गेले आणि फिस्सकन हसले. डोळे पुसत म्हणाले, "ऱ्हा पोरी, ऱ्हा हितंच. तुला भाईर सोडली, तर गावाला झेपायचं न्हाय!"