मल्हारीचा शिकणारा पोरगा

माझे वडील मल्हारी मेंढरं वळतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. दीडशे मेंढरांतलं प्रत्येक मेंढरू ते तोंडावरून ओळखतात, अक्षर मात्र एकही नाही. तरी छापलेला कागद, मग तो भेळीचा का असेना, कधी पायाखाली येऊ देत नाहीत. भेटेल त्याला सांगतात, "आमचा रामेश्वर संभाजीनगरला विद्यापीठात हाय. पुस्तकं समदी मोबाईलातच असत्यात त्याची. दिसभर मान वर करीत नाय."

मान वर करत नव्हतो, हे खरंच. रील बघत होतो. एक संपलं की दुसरं, अंगठा थांबायचं नाव घेईना. हजेरी कमी पडली, दोन पेपर राहिले. घरी अवाक्षर काढलं नाही.

जानेवारीत आबांच्या मेंढरांचा तळ शहराच्या कडेला, छावणी भागापलीकडच्या एका शेतात पडला. सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. कळप चरायला गेला की लहान कोकरं मागं तळावर जाळीच्या कुंपणात राहतात, त्यांच्यावर नजर ठेवायची होती. आई पाणी आणायला निघाली. आबा कळप घेऊन जाताना म्हणाले, "कुत्री लई माजलीत. जाळीपाशीच बस." एवढंच काम. शेंबडं पोरही करील.

मी घोंगडीवर बसलो, कानात इयरफोन खुपसले. 'एकच बघू' म्हणत किती बघितली, देव जाणे. भानावर आलो तो आईच्या किंकाळीनं. कुत्रं जाळीत शिरलं होतं. माझ्यापासून दहा पावलांवर एक कोकरू मरून पडलं होतं.

"कान फुटले व्हते का रं तुझे?" आई कडाडली.

आबा शेजारच्या रानातून धावत आले. कोकरू उचलून त्याच्या मानेवरून हात फिरवला. मग आईला म्हणाले, "गप गं. अभ्यास करत व्हता तो. वाचताना माणसाला भान नसतंय. शिकणाऱ्या पोराला राखणीला बसवलं, चूक माझीच हाय."

खरं सांगायची वेळ तीच होती. मी गप्प राहिलो. लाज वाटत असूनही गप्प राहिलो, याची लाज जास्त वाटते.

कोकरू घेऊन वळताना आबांचा पाय घोंगडीवरच्या मोबाईलला लागला. ते थबकले. पुस्तकाला पाय लागल्यावर करतात तसे वाकले, मोबाईलला बोटं लावून ती कपाळाला टेकवली.

काचेवर कोकराच्या रक्ताचं बोट उमटलं. त्याच्याखाली एक माणूस डोक्यावर बादली घालून अजून नाचत होता.