भोंग्यावरून घेतलेला षड्ज

आमच्या बँडमध्ये आम्ही तिघं होतो आणि तिघांत संगीत सगळ्यात जास्त कळणारा मी होतो. यावरून बँडची कल्पना यावी.

माझं शिक्षण म्हणजे अमरावतीच्या घरातली बाजाची पेटी. घराणं भिक्षुकांचं, वडील संस्कृतचे मास्तर. गल्लीतल्या कीर्तनाला मी एकदा हौसेनं साथ केली. अर्ध्या तासानं बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या आणि विचारलं, "पंत, आम्ही अशोकवनात आहोत. आपण कुठे आहात?" त्यानंतर मला अकोल्याच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा पेटी बरोबर नेण्याचा आग्रह घरच्यांनीच धरला.

अकोल्यात माझी खोली एका जिनाजवळ होती. कापूस निघाला की जिन सुरू व्हायचं. कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे दिवसभर घरघरत राहायचे आणि माझ्या नाकात, चहात, पेटीच्या भात्यात रुईचे तंतू जायचे. समोर एक रेडिओ दुरुस्त करणारा राहायचा, माझ्याच वयाचा. गाण्यातलं त्याला काही कळत नसे. मात्र बिघडलेला रेडिओ पुन्हा बोलू लागला की त्याला गिऱ्हाइकापेक्षा जास्त आनंद व्हायचा. एकदा त्याच्याकडे एक उघडा सेट पाहिला. त्यातून शीळ निघत होती. हात जवळ नेला की शीळ चढायची, मागे घेतला की उतरायची. तो ती बंद करायला बसला होता. मी म्हटलं, "दुरुस्त करू नका." आयुष्यात मी कुणाला दिलेला तो एकमेव तांत्रिक सल्ला.

तिसरा जिनातला फिटर. रेडिओवाल्याच्या दारात त्यानं आमची पेटी आणि शीळ पाच मिनिटं ऐकली, तडक जिनात गेला आणि रुईच्या गठाणीला बांधतात ती लोखंडी पट्टी, एक मोडकं दातेरी चाक आणि पट्ट्याचं कातडं घेऊन परत आला. पट्टी टांगून वाजवली, चाक घासलं, कातडं फरशीवर आपटलं. आमच्यात ताल आहे तो एवढा एकटाच, हे त्याच दिवशी कळलं.

फिटरचा बाप त्याच जिनात मोठा मिस्त्री होता. तीस वर्षं रेच्यांत काढल्यामुळे समोरचा माणूस नदीच्या पल्याड उभा असावा तसा तो बोलायचा. मोडके रेचे ठेवायचं एक जुनं गोदाम त्यानं आम्हाला तालमीसाठी दिलं. "मालकानं इचारलं तं म्हना, उंदरं हाकलून राहिलो," एवढीच अट.

अडचण सुराची होती. पेटीचा सूर एक, शीळ उन्हाबरोबर सरकायची, आणि लोखंडाचे कान पिळता येत नाहीत. आमच्याकडे तंबोरा नव्हता. तेव्हा मला ती कल्पना सुचली, जिचा मला पुढे दोन महिने अभिमान होता. जिनाचा भोंगा दिवसातून चार वेळा वाजायचा: सकाळी, जेवणाची सुट्टी होताना, ती संपताना आणि संध्याकाळी. चारही वेळा एकच सूर. मी म्हटलं, "आपला षड्ज भोंग्यावरून घेऊ." फिटरनं गोदामातलं सगळं लोखंड ठोकून त्या सुराला जुळणारे तुकडे वेगळे काढले. रेडिओवाल्यानं सेटसमोर फरशीवर खडूनं रेघ मारली. तिच्यावर उभं राहून हात पुढे केला की बरोबर भोंगा. मी पेटीच्या आतली एका सुराची पितळी पट्टी खरवडून जवळपास आणली. बाकीच्या पट्ट्यांनी मला नंतर कधीच माफ केलं नाही.

पहिला कार्यक्रम वलगावला झाला, माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या घरी, बारशाला. शीळ सुरू झाली आणि गावातली कुत्री एकामागून एक उत्तर देऊ लागली. पाळण्यातलं मूल रडलं, मग त्याची आई रडली. घरचा म्हातारा उठून माझ्याजवळ आला आणि प्रेमानं म्हणाला, "बंद कर बाप्पा. घरात गाभण गाय हाय." आम्हाला जेवण मात्र पोटभर वाढलं. निरोप देताना सगळे कुंपणापर्यंत आले. आम्ही खरंच गेलो याची खात्री करायला आले असावेत.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण फिटर बदलला. रेचा कुरकुरायला लागला की तेल घालायच्या ऐवजी तो ऐकत उभा राहायचा. सहा नंबरचा रेचा लंगडत चालायचा. त्याचा तो लंगडा ठेका फिटरला इतका आवडला की दुरुस्ती आठ दिवस लांबली. शेवटी मिस्त्री गोदामात आला.

"रेचा बोंबलून राहिला, अन् हा डोये मिटून ऐकून राहिला," तो आम्हा तिघांना, आणि आवाजामुळे अर्ध्या अकोल्याला, म्हणाला. "याचा मामा तेल्हाऱ्याच्या जिनात हाय. याले तिकडं पाठवतो. तिथं पेटी नाई अन् मास्तरबी नाई."

फिटर पट्टीकडे पाहत म्हणाला, "मले नाई जायचं, बाबा."

"कावून?"

"तिथंबी लोखंड हाय. पन वाजवाले जोडीदार कोन हाय?"

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. मग त्यानं निवाडा दिला. येत्या रविवारी जिनात सत्यनारायण होता. दुपारच्या सुट्टीत, पूजा झाल्यावर, आम्ही त्याच्या माणसांसमोर वाजवायचं. माणसं शेवटपर्यंत बसली तर गोदाम आमचं आणि फिटर अकोल्यातच. मधूनच उठली तर सोमवारच्या गाडीनं तेल्हारा.

तालीम आम्ही जिवावर उदार होऊन केली. शेवट असा ठरला: शीळ हळूहळू चढत षड्जावर येईल, तिथे ठरेल, आणि मी मान हलवली की सगळे एकदम थांबतील. मान हलवायची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण मान हलवायला सूर लागत नाही.

रविवारी पूजेसाठी लावलेल्या लाउडस्पीकरचा कर्णा आयताच होता. रेडिओवाल्यानं आपला सेट त्याला जोडला आणि जिनाच्या अंगणात खडूनं नवी रेघ मारली. प्रसाद वाटून झाला, लोकांनी शिदोऱ्या सोडल्या आणि आम्ही सुरू केलं. मी आधी पेटी वाजवली. त्याबद्दल काही सांगत नाही. मग फिटरनं सहा नंबरचा लंगडा ठेका धरला, आणि समोर बसलेल्या बायांमध्ये हसू पिकलं.

"अवं, हा तं आपला लंगडा हाय व," रेच्यावर काम करणारी एक पोक्त बाई म्हणाली. तिच्या शेजारणीनं मांडीवर ताल धरला. पाठीमागे बाजेवर बसलेला मिस्त्रीसुद्धा पाय हलवत होता. मला वाटलं, जिंकलो.

शीळ चढू लागली. कर्ण्यातून ती अंगणभर पसरली, षड्जावर आली, ठरली. मी डोळे मिटले. असा सूर माझ्या आसपास कधी लागला नव्हता. आणि बँड इतका भरून कसा वाजतोय याचं मला नवल वाटलं: खालून खोल घरघर, पट्ट्यांची फडफड, जणू वीस फिटर एकाच वेळी वाजवत आहेत. मान हलवायची असते हे मी साफ विसरलो. मी खूण देईना, म्हणून रेडिओवाला बिचारा रेघेवर हात पुढे करून उभाच राहिला.

डोळे उघडले तेव्हा अंगणात कुणी नव्हतं. अर्धवट शिऱ्याचे द्रोण होते, एक उघडी शिदोरी होती आणि तिच्याजवळ एक कावळा होता. आत सगळे रेचे जोरात चालू होते.

फिटरनं पट्टी खाली ठेवली होती. "उठले," तो म्हणाला. मग एकेक लोखंड गोणीत भरायला लागला.

थोड्या वेळानं खरा भोंगा वाजला, सुट्टी संपल्याचा. सुट्टी दोनदा कशी संपली म्हणून आतली घरघर एकेक करून थांबली. मग लोक बाहेर आले, आणि काय झालं ते सगळ्यांना एकदमच कळलं. ती पोक्त बाई सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मास्तर, माही अर्धी भाकर पदरात हाय. आता सुट्टी सरली. थे तुमी खाता का मी?"

मी म्हटलं, "बाई, चूक माझी आहे."

"थे दिसूनच राहिलं."

तेवढ्यात मिस्त्री आला. त्यानं मुलाच्या हातातली गोणी पाहिली. "लोकं उठले बे," तो म्हणाला, पण आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता.

"उठले," फिटर म्हणाला.

बाई मिस्त्रीकडे वळली. "पन पैले कोन उठलं? सांगा ना. मी तं तुमाले पाहून उठली. तुमी बाजेवरून असे उठले का पायतान घालाचं भुलले."

सगळ्यांनी मिस्त्रीच्या पायांकडे पाहिलं. पाय अनवाणी होते.

"मी भोंग्याले उठलो," मिस्त्री म्हणाला. "गान्याले नाई."

"बाबा, तो भोंगा नव्हता," फिटर म्हणाला.

मिस्त्री पुन्हा बाजेवर जाऊन बसला. मग रेडिओवाल्याला म्हणाला, "वाजव बरं, पुन्हा." रेडिओवाला रेघेवर गेला. मिस्त्रीनं हाताचा द्रोण करून कानाला लावला. तीस वर्षं ज्या सुरावर तो उठला, जेवला, घरी गेला, तो सूर त्यानं पहिल्यांदाच बसून ऐकला असावा.

"बॉयलरच्या भोंग्यापेक्षा साफ हाय," तो शेवटी म्हणाला. मग बायांना, "जा, अर्धा घंटा अजून घ्या. भाकर खा." आणि मुलाला, "ठेव थे गोनी. तेल्हाऱ्याच्या मामाले मी कळवतो."

"पन लोकं उठले ना," फिटर म्हणाला. बापाची अट त्यानं इतकी मनावर घेतली होती की जिंकल्यावरही तो हरायला तयार होता.

"काय बे पोट्ट्या, मले कायदा शिकवतं? जो बाजा मले कामाले लावते, त्याले फालतू कसा म्हनू?"

पुढे नाताळच्या सुट्टीत जिनाचा भोंगा घसा बसल्यासारखा घोगरा झाला आणि दुरुस्तीला गेला. तो येईपर्यंत आठ दिवस, दिवसातून चार वेळा, आमच्या बँडनं जिन चालवलं. तेवढा सलग कार्यक्रम आम्हाला नंतर कधीच मिळाला नाही. फिटरला रेच्यांवर जावं लागायचं, म्हणून रेडिओवाला वाजवायचा. मी पेटी घेऊन गेलो, तर मिस्त्रीनं ती दारातच थांबवली.

"पेटी राहू द्या, मास्तर. तुमी घड्याळ पाहा अन् मान हालवा. डोये उघडे ठेवून."

आठ दिवस मी तेच केलं. सकाळी आत शिरताना ती पोक्त बाई माझ्याजवळ थांबायची, वाकून माझ्या डोळ्यांत पाहायची आणि मागच्या बायांना सांगायची, "जागा हाय व. चला."